मनाच्या वैद्याचे संदर्भग्रंथ



कांहीं महिन्यांपूर्वीं माझ्या परिचयाचे एक गृहस्थ आपल्या पत्नीस घेऊन एका मनोविकारतज्ज्ञाकडे गेले होते. परत आल्यावर ते मला जराशा नाराजीनें म्हणाले, "मास्तर, डॉक्टरांनीं अर्धा तास सगळें ऐकून घेतलें, हें खरें, पण मग संगणकाच्या पडद्याकडे वळून कांहीं तरी वाचलें आणि मगच औषध लिहिलें. पाहूनच सांगायचें, तर त्यांना स्वतःला काय येतें?" मीं त्यांस उलट विचारलें, "गुरुजींनीं पंचांग न उघडतांच लग्नाचा मुहूर्त सांगितला असता, तर तो आपण घेतला असता काय? आणि वकिलाच्या खोलींत भिंतभर कायद्याचीं पुस्तकें दिसलीं, म्हणजे आपला भरंवसा वाढतो कीं उणावतो?" गृहस्थ हंसले, परंतु ही शंका कांहीं त्यांच्या एकट्याची नव्हे. म्हणून मनोविकारांवर उपचार करणारे लोक त्या पडद्यावर काय पाहतात, तें त्यांना कां पाहावें लागतें, आणि आपण घरच्या माणसांनीं त्यांतलें काय पाहावें व काय पाहूं नये, ह्याविषयीं आज चार शब्द बोलावयाचें योजिलें आहे. मी वैद्य नव्हें, शाळामास्तर होतों. परंतु ह्या विषयाकडे वळण्यास मला एक कारण घडलें आहे. तें ओघानें पुढें येईल.

ग्रंथ पाहून रोग ओळखणें ही आपल्याकडे कांहीं नवी चाल नव्हे. आयुर्वेदांतील 'माधवनिदान' हा ग्रंथ रोग कसा ओळखावा एवढ्याच कामासाठीं रचला गेला, आणि त्यांत उन्माद व अपस्मार ह्यांचीं स्वतंत्र प्रकरणें आहेत. शरीराच्या वैद्यापेक्षां मनाच्या वैद्यास तर अशा ग्रंथाची गरज अधिकच असते. हाड मोडलें तर क्ष-किरणांच्या चित्रांत दिसतें. मधुमेह रक्तांतील साखरेवरून कळतो. उदासीनतेचा विकार, अतिचिंता, छिन्नमनस्कता ह्यांस अशी नेमकी चाचणी आजहि नाहीं. तज्ज्ञ रक्त तपासावयास सांगतो, तें बहुधा थायरॉइड ग्रंथीचा किंवा दुसरा कांहीं शारीरिक दोष नाहीं ना, हें पाहण्यासाठीं. निदान व्हावयाचें तें ऐकण्यानें, पाहण्यानें आणि विचारण्यानें. तेव्हां ज्या दुखण्यास पुण्याच्या डॉक्टरानें एक नांव दिलें, त्यासच नागपूरच्या डॉक्टरानें दुसरें द्यावें असें होऊं नये, म्हणून लक्षणें कोणतीं, किती, आणि किती दिवस असावींत, ह्याविषयीं सर्वांचें एकमत असावें लागतें. तें एकमत जेथें लिहून ठेवलेलें आहे, तो त्यांचा पहिला संदर्भग्रंथ होय.

त्याचें नांव 'रोगांचें आंतरराष्ट्रीय वर्गीकरण'. डॉक्टरमंडळी त्यास आय. सी. डी. म्हणतात. त्याचें मूळ मोठें मनोरंजक आहे. १८९३ सालीं झाक बर्टिलाँ ह्या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञानें शिकागो येथील परिषदेपुढें मृत्यूच्या कारणांची एक यादी मांडली. माणसें कशानें मरतात, एवढेंच त्या यादींत होतें. पुढें ती वाढत गेली, आणि १९४८ सालीं नव्यानेंच स्थापन झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेकडे सहाव्या आवृत्तीच्या वेळीं ती आली, तेव्हां मानसिक विकारांस तींत प्रथमच स्वतंत्र विभाग मिळाला. सध्यांची अकरावी आवृत्ति मे २०१९ मध्यें मान्य झाली व १ जानेवारी २०२२ पासून अंमलांत आली. ती संघटनेच्या संकेतस्थळावर कोणासहि विनामूल्य पाहतां येते, आणि मनोविकारांच्या प्रकरणाचें सविस्तर विवरण २०२४ सालीं प्रसिद्ध झालें आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेचा असाच एक ग्रंथ १९५२ पासून निघत आला आहे व त्याची सुधारलेली आवृत्ति २०२२ सालीं निघाली. परंतु तो विकत घ्यावा लागतो.

आंत काय असतें, तें एका उदाहरणानें पाहूं. औदासीन्याच्या विकाराचें पान उघडलें तर तेथें असें सांगितलें आहे कीं, मन उदास असणें किंवा कशांतच गोडी न वाटणें, ह्या दोहोंपैकीं एक तरी लक्षण दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, निदान दोन आठवडे असावें; आणि एकंदर दहा लक्षणांपैकीं पांच तरी असावींत. उरलेलीं आठ म्हणजे लक्ष न लागणें, स्वतःस कवडीमोल किंवा अपराधी समजणें, पुढची आशा खुंटणें, मरणाचे विचार, झोपेंत बिघाड, भुकेंत बदल, हालचालींत मंदपणा किंवा अस्वस्थता, आणि थकवा. त्यामुळें रोजचीं कामेंधामें अडलेलीं असावींत, हेंहि पाहिलें जातें. शोकाविषयींचा विचार तर लक्षांत ठेवण्याजोगा आहे. घरांत मृत्यु झाला म्हणजे माणूस रडणारच. तो रोग नव्हे. सहा महिन्यांहून अधिक काळ, आणि त्या त्या समाजाची व धर्माची जी शोकाची रीत असेल तिच्याहि स्पष्टपणें पलीकडे दुःख टिकून राहिलें व जीवन थबकलें, तरच त्यास विकार म्हणावें, असें ती आवृत्ति सांगते. वर्षश्राद्धापर्यंत घरांत गोडधोड न करणाऱ्या आपल्या समाजास ही सावधगिरी किती योग्य आहे, तें सांगावयास नको.

येथें कोणी म्हणेल, मग छापील पुस्तक काय वाईट होतें? वाईट कांहीं नव्हतें. परंतु छापील पुस्तक कपाटांत म्हातारें होतें आणि आपण म्हातारें झालों हें तें कोणास सांगत नाहीं. समलिंगी आकर्षण हा एके काळीं ह्या यादीप्रमाणें मनोविकार गणला जाई. १७ मे १९९० रोजीं जागतिक आरोग्य सभेनें जी दहावी आवृत्ति मान्य केली, तींतून तो उल्लेख वगळला गेला. ज्या दवाखान्यांत नववी आवृत्तिच पडून राहिली असेल, तेथें एखाद्या निरोगी तरुणास त्यापुढेंहि रोगी ठरविलें गेलें असेल. संकेतस्थळावरील ग्रंथ ज्या दिवशीं सुधारला जातो, त्याच दिवशीं तो पुण्यांतहि सुधारतो आणि गडचिरोलींतहि. हा त्याचा खरा लाभ.

आपल्या देशांत ह्या ग्रंथास कायद्याचेंहि बळ आहे. १९१२ च्या जुन्या कायद्यांत मनोरुग्णास वेडा म्हणूनच ओळखीत. त्याच्या जागीं १९८७ चा कायदा आला, आणि पुढें २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याचें तिसरें कलम प्रत्येक सुशिक्षित घरानें एकदां वाचावें. मानसिक आजार आहे कीं नाहीं, हें राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय मान्यता असलेल्या वैद्यकीय प्रमाणांनुसार, म्हणजे ह्या वर्गीकरणाची अद्ययावत आवृत्ति धरून, ठरवावें. माणसाची जात, धर्म, सांपत्तिक वा सामाजिक स्थिति पाहून ठरवूं नये. तो समाजाच्या रूढ समजुतींप्रमाणें वागत नाहीं एवढ्यावरून ठरवूं नये. आणि पूर्वीं कधीं उपचार झाले होते, एवढ्यावरूनहि आज तो आजारी आहे असें ठरवूं नये. मनाविरुद्ध लग्न करणाऱ्या मुलीस किंवा वाटणीच्या तंट्यांतील भावास 'वेडा' ठरवूं पाहणाऱ्या घरांना हें कलम आडवें येतें. कायद्याचा संपूर्ण पाठ सरकारच्या 'इंडिया कोड' ह्या संकेतस्थळावर आहे. हा कायदा तयार होत असतांना त्याच्या मसुद्यास पुण्याच्या आय. एल. एस. विधि महाविद्यालयांतील मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राचें साहाय्य झालें, ही आपणां पुणेकरांस अभिमानाची गोष्ट आहे. हें केंद्र २००७ सालीं स्थापन झालें. मानसिक आरोग्याविषयींचीं धोरणें, अंदाजपत्रकें व आंकडे एकत्र करून सर्वांपुढें ठेवणारी तेथील वेधशाळा माजी केंद्रीय आरोग्य सचिव कै. केशव देसिराजू ह्यांच्या नांवानें चालते.

निदानानंतर औषध. येथें दुसऱ्या प्रकारचा संदर्भ लागतो. लिथियम ह्या औषधाचेंच उदाहरण घेऊं. ऑस्ट्रेलियांतील डॉ. जॉन केड ह्यांनीं १९४९ सालीं त्याचा गुण प्रसिद्ध केला. उन्माद व औदासीन्य आळीपाळीनें येणाऱ्या विकारांत तें आजहि मोलाचें मानतात. परंतु रक्तांत तें दर लिटरास साधारण ०.६ ते १.० मिलिमोल असावें लागतें. त्याहून फार वाढलें तर विष होतें. आतां कल्पना करा, हें औषध घेणारे एक आजोबा गुडघे दुखतात म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानांतून आयब्युप्रोफेनच्या गोळ्या आणून घेतात. ह्या गोळीनें मूत्रपिंडांतून लिथियम बाहेर पडण्याचें प्रमाण घटतें व रक्तांतील प्रमाण वाढतें. उन्हाळ्यांत घाम व जुलाब होऊन शरीरांतील पाणी कमी झालें तरी तेंच होतें. रक्तदाबाच्या कांहीं औषधांनींहि होतें. मग हात थरथरतात, उलट्या होतात, तोल जातो, बोलणें अडखळतें, आणि घरचे म्हणतात, "वय झालें." अशीं औषधा-औषधांचीं भांडणें शेंकडों आहेत. तीं सगळीं तोंडपाठ ठेवणारा डॉक्टर भेटणें कठीण, आणि तोंडपाठ आहेत असें म्हणणाऱ्यापेक्षां पडद्यावर पाहून खात्री करणारा बरा.

तिसरा प्रकार संशोधनाचा. अमेरिकेंत जॉन शॉ बिलिंग्ज ह्यांनीं १८७९ सालीं वैद्यकीय लेखांची मासिक सूचि सुरू केली. तिचाच आजचा अवतार म्हणजे 'पबमेड'. १९९७ पासून तो सर्वांस विनामूल्य खुला असून त्यांत तीन कोटींहून अधिक लेखांच्या नोंदी आहेत. परंतु एका औषधावर पन्नास लेख असले आणि वीस एक म्हणत असले व तीस दुसरें, तर डॉक्टरानें करावें काय? ह्यासाठीं १९९३ सालीं 'कॉक्रन' नांवाची संस्था निघाली. ती एका प्रश्नावरील सगळे प्रयोग गोळा करते, कच्चे बाजूला काढते, आणि पक्क्यांचा एकत्र ताळा मांडते. आपल्याकडे भारतीय मानसोपचार संघटनेचें इंग्रजी नियतकालिक १९४९ पासून निघत आहे. त्यांतील लेख व उपचारांविषयींच्या मार्गदर्शक सूचना संकेतस्थळावर मोफत वाचतां येतात. परदेशांतील माणसांवर पारखलेलें औषध आपल्या माणसांस कसें लागू पडतें, हें पाहावयास तीं पानें उपयोगीं पडतात.

हें सर्व शहरांतील मोठ्या तज्ज्ञांसाठींच आहे असें समजूं नका. २०१५-१६ सालीं बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनें बारा राज्यांत पाहणी केली, तेव्हां दर शंभर प्रौढांपैकीं दहांहून अधिकांस त्या वेळीं कांहीं ना कांहीं मानसिक विकार आढळला. उलट २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीप्रमाणें देशांत एक लाख लोकांमागें एक पुरा मनोविकारतज्ज्ञहि नव्हता, आंकडा ०.७५ निघाला. महाराष्ट्रांत ठाणें, पुणें, नागपूर व रत्नागिरी हीं चार प्रादेशिक मनोरुग्णालयें वर्षानुवर्षें काम करीत आलीं. आमचें येरवड्याचें तर २,५४० खाटांचें म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु खाटांनीं हा प्रश्न सुटत नाहीं. बहुतेक रोगी प्रथम जातो तो घराजवळच्या साध्या डॉक्टराकडे. ह्या डॉक्टरासाठीं जागतिक आरोग्य संघटनेनें २०१० सालीं एक मार्गदर्शिका काढली व २०१६ सालीं ती सुधारली. तींत 'हें विचारा, असें उत्तर आलें तर ह्या पानावर जा, अमुक दिसलें तर तज्ज्ञाकडे पाठवा' अशी पायरीपायरीनें वाट दाखविली आहे. शाळेंतील भूमितीच्या सिद्धांतासारखीच ती मला वाटली. तीहि संकेतस्थळावर विनामूल्य मिळते.

आतां अडचण भाषेची. ग्रंथ इंग्रजींत आणि रोगी मराठींत. आपली आजी 'मला औदासीन्याचा विकार झाला आहे' असें कधीं म्हणणार नाहीं. ती म्हणते, "जीव रमत नाहीं, छातींत धडधडतें, डोकें भणभणतें, कशांत मन लागत नाहीं." हें ऐकून ग्रंथांतील नेमकें लक्षण ओळखणें, हें अर्धें वैद्यक आणि अर्धें भाषांतर आहे. ह्या दिशेनें कांहीं काम झालें आहे. औदासीन्याचें मोजमाप करणारी नऊ प्रश्नांची जी प्रसिद्ध प्रश्नावलि २००१ सालीं निघाली, तिची मराठी प्रत संकेतस्थळावर उपलब्ध आहे. राज्य सरकारच्या भाषा संचालनालयाचा मानसशास्त्र परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश हेहि आतां पडद्यावर आले आहेत. डॉ. आनंद नाडकर्णी ह्यांनीं १९९० सालीं ठाण्यास स्थापिलेल्या संस्थेनें मनोविकारांविषयीं सोप्या मराठींत सांगणारीं दृक्‌श्राव्य व्याख्यानें सर्वांस खुलीं केलीं आहेत. आणि पुण्या-ठाण्याच्या आधारगटांनीं दोन सुंदर शब्द रूढ केले: रोग्यास 'शुभार्थी' आणि त्याची काळजी वाहणाऱ्यास 'शुभंकर'. जुन्या कायद्यांतील शब्दाशेजारीं हे दोन शब्द ठेवून पाहिले, म्हणजे शतकभरांत आपण कोठून कोठें आलों तें कळतें.

आतां माझें कारण सांगतों. १९९८ सालची गोष्ट. माझ्या सातवीच्या वर्गांत एक हुशार मुलगा होता. दिवाळीच्या सुटीनंतर तो मागच्या बाकावर जाऊन बसूं लागला. गृहपाठ करीना; गणितें अर्धींच सोडी; विचारलें तर अंगावर येई; डबा तसाच परत नेई; वर्गांत पेंगे. मीं त्यास कामचुकार म्हटलें, एकदां नव्हे, रोज, आणि वर्गासमोर. शेवटीं वडिलांस बोलावून घेतलें. त्यांनीं त्यास माझ्यादेखतच मारलें, आणि मीं तें थांबविलें नाहीं. आठवींत त्यानें शाळा सोडली. पुष्कळ वर्षांनीं त्याची आई मला मंडईंत भेटली. मुलावर औदासीन्याचे उपचार चालू होते; भावाच्या दुकानांत बसूं लागला होता, सुधारत होता. ती म्हणाली, "गुरुजी, डॉक्टरांनीं विचारलें, हें कधींपासून? मी म्हणालें, सातवीपासून. ते म्हणाले, तेव्हां कोणाच्या लक्षांत आलें नाहीं?" तिनें मला दोष दिला नाहीं. घरीं आल्यावर मीं नातीकडून तें वर्गीकरणाचें पान काढून घेतलें आणि शब्दकोश जवळ घेऊन वाचलें. लहान मुलांत उदासी ही चिडखोरपणाच्या रूपानेंहि दिसते, लक्ष न लागल्यामुळें अभ्यासांत मूल मागें पडतें, असें तेथें लिहिलें आहे. माझ्या तक्रारवहींतील एकेक नोंद त्या पानावर होती. मी जिला खोड म्हणत होतों, तिला तेथें लक्षण म्हटलें होतें. तेव्हांहि हें ज्ञान डॉक्टरांच्या पुस्तकांत होतें. माझ्या हातीं नव्हतें आणि माझ्या भाषेंत नव्हतें. आज तें हातीं येऊं शकतें. तेव्हां माझ्यासारखी सबब पुढच्या शिक्षकास राहिलेली नाहीं.

परंतु ह्याच ठिकाणीं सावधहि राहिलें पाहिजे. तें पान वाचून मला त्या मुलाचें निदान करण्याचा अधिकार आला असता काय? मुळींच नाहीं. अधिकार आला असता तो त्यास मारूं न देण्याचा आणि त्यास जाणत्याकडे पाठविण्याचा. दहा लक्षणें वाचलीं कीं स्वतःस सात सांपडतात. हा सर्वांचाच अनुभव आहे. थायरॉइडच्या दोषानें, रक्त कमी झाल्यानें, दुसऱ्या औषधानें तींच लक्षणें होतात, आणि तें ओळखावयास शिकलेला डोळा लागतो. नऊ प्रश्नांची प्रश्नावलि हीसुद्धां चाळणी आहे, निकाल नव्हे. त्याहून वाईट म्हणजे एखादें दृश्य पाहून किंवा बोलक्या यंत्राचें गोड उत्तर वाचून चालू औषध एकाएकीं बंद करणें. अशानें सुधारलेला रोगी पुन्हां आडवा पडतो. 

मग घरच्यांनीं करावें काय? कोणताहि मजकूर वाचतांना चार प्रश्न विचारावेत: हा कोणीं लिहिला, केव्हां सुधारला, कशाच्या आधारावर लिहिला, आणि लिहिणाऱ्यास कांहीं विकावयाचें आहे काय? उपचार करणाऱ्याची नोंदणी पाहावी; डॉक्टरांची नोंदवही महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते आणि चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे. झोप, भूक, बोलणें ह्यांत काय बदल झाला तें तारखेसह वहींत लिहून डॉक्टरांपुढें ठेवावें. तें निदानाच्या नांवापेक्षां त्यांस अधिक उपयोगीं पडतें. दुसरें कोणतेंहि औषध घेण्यापूर्वीं विचारावें. आणि जीव नकोसा झाल्याची भाषा घरांत कोणाच्या तोंडीं आली, तर ती थट्टेवारी नेऊं नये. त्या माणसास एकटें सोडूं नये, व तत्काळ मदत मागावी. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनिसेवा सुरू झाली आहे. तिचा क्रमांक १४४१६. ती रात्रंदिवस व विनामूल्य चालते.

त्या गृहस्थांस मीं एवढेंच सांगितलें कीं, पुढच्या वेळीं डॉक्टर पडद्याकडे वळले तर रागावूं नका, "काय पाहिलेंत?" असें विचारा. परवां ते पुन्हां भेटले. त्यांनीं विचारलें होतें, आणि डॉक्टरांनीं पडदा त्यांच्याकडे वळवून दाखविला होता. पत्नीस चालू असलेल्या रक्तदाबाच्या गोळीचें नवीन औषधाशीं जमतें कीं नाहीं, हें ते पाहत होते.